लघवीची घाई: लक्षणं ओळखण्यापासून पिशवीला वळण लावण्यापर्यंत

दार समोर आहे, किल्ली हातात आहे, आणि ती कुलुपात शिरायच्या आत लघवी इतकी जोरात लागते की पायावर पाय चढवून दाराशीच उभं राहावं लागतं. दोन मिनिटांपूर्वी रस्त्याने येताना काही जाणवतही नव्हतं. माझं हे सुमारे दोन वर्षं चाललं. कुठेही गेलं की आधी बाथरूम कुठे आहे ते हेरून ठेवायचं, लांबचा प्रवास काहीतरी निमित्त काढून टाळायचा, बाहेर जायच्या दिवशी पाणी जवळपास बंद, आणि निघताना 'असू दे' म्हणून एकदा जाऊन यायचं. हे सगळं मी शहाणपणा समजून करत होते. शेवटच्या दोन सवयींनी दुखणं वाढवलं, हे फार उशिरा कळलं.

लघवीला 'लघुशंका' असा एक सभ्य शब्द आहे. माझ्या पिशवीला, म्हणजे मूत्राशयाला, दिवसभर शंकाच येत होत्या, आणि त्यातल्या बहुतेक खोट्या. घाई झाली म्हणजे पिशवी भरली असं नसतं, हे मला मापाच्या भांड्याने पटवलं. ते कसं, ते पुढे येईलच. मी डॉक्टर नाही. डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून जे शिकले, जे करून पाहिलं आणि जे नंतर वाचून समजून घेतलं, ते क्रमाने लिहिते आहे.

पहिली पायरी: तक्रार नेमकी कोणती?

"लघवीचा त्रास आहे" एवढंच सांगून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही, कारण या तीन शब्दांत पाच-सहा निरनिराळी दुखणी मावतात.

घाई म्हणजे अचानक, थोपवता येणार नाही अशी वाटणारी लघवीची भावना. हळूहळू वाढत जाणारी नेहमीची भावना वेगळी. घाईत मधला टप्पाच नसतो, एकदम शेवटचा टप्पा येतो. वारंवार जाणं म्हणजे जागेपणी साधारण आठपेक्षा जास्त वेळा. हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. तीन लिटर पाणी पिणारा माणूस दहा वेळा गेला तर त्यात नवल नाही. रात्रीची तक्रार म्हणजे लघवीसाठी झोपमोड होणं. एकदा उठावं लागणं बऱ्याच जणांना चालून जातं, दोनदा किंवा जास्त झालं की दुसरा दिवस खराब जातो.

गळण्याचे प्रकार मात्र नीट वेगळे करा, कारण त्यांचे उपाय वेगळे आहेत. घाई झाली आणि पोचेपर्यंत आवरलं नाही, हा एक प्रकार. खोकताना, शिंकताना, हसताना, वजन उचलताना गळते, घाई मात्र नसते, हा दुसरा. यात दोष लघवी अडवून धरणारी झडप आणि तिला आधार देणाऱ्या स्नायूंचा असतो, पिशवीचा नसतो. दोन्ही एकत्र असणाऱ्याही पुष्कळ जणी असतात. तिसरा प्रकार फसवा आहे: पिशवी नीट रिकामीच होत नाही, तुंबून राहते आणि वरचेवर थोडी थोडी सांडते. तो माणूसही "मला सारखी जावं लागतं" असंच म्हणतो, पण त्याला घाईची गोळी दिली तर तुंबणं वाढेल.

जळजळ किंवा उन्हाळे लागणं, गढूळ लघवी, ताप हे संसर्गाकडे बोट दाखवतात. पिशवी भरत गेली की ओटीपोट दुखतं आणि रिकामी केली की बरं वाटतं, असं महिनोन्महिने होत असेल तर तेही वेगळं दुखणं आहे, डॉक्टरांना तसंच सांगा. धार बारीक होणं, सुरू व्हायला वेळ लागणं, थांबून थांबून होणं, झाल्यावरही 'अजून आहे' असं वाटणं, हे पन्नाशीपुढच्या पुरुषांमध्ये बहुधा प्रोस्टेटशी, म्हणजे पिशवीखालच्या ग्रंथीशी, जोडलेलं असतं.

ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर, म्हणजे उतावळी पिशवी, हे नाव कशाला द्यायचं ते इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटीने २००२ मध्ये ठरवून दिलं. घाई हवीच, बहुधा सोबत वारंवार जाणं आणि रात्री उठणं, गळणं असेल किंवा नसेल, आणि संसर्गासारखं दुसरं उघड कारण सापडलेलं नसावं. शेवटची अट महत्त्वाची आहे. बाकीचं तपासून बाजूला सारल्याशिवाय हे नाव चिकटवायचं नाही.

पिशवी चालते कशी

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. मोठ्या माणसात ती साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर मावून घेते. दीडशे-दोनशे मिलिलिटरच्या आसपास पहिली चाहूल लागते, पण ती 'कधीतरी जायचं आहे' एवढीच असते. भरत असताना पिशवीचा स्नायू सैल राहतो आणि खालची झडप घट्ट. जायची वेळ आली की मेंदू परवानगी देतो, झडप सैल होते, पिशवी आकसते. तान्ह्या बाळात ही परवानगी नसते, भरली की सुटते. मोठं होताना मेंदू 'थांब' म्हणायला शिकतो.

उतावळ्या पिशवीत हे 'थांब' कमजोर पडतं किंवा पिशवी ते ऐकत नाही, आणि ती अर्ध्यावरच आकसायला लागते. पार्किन्सन, पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा आजारांत मज्जासंस्थेतला बिघाड उघड असतो. बहुतेकांत मात्र एकच एक कारण सापडत नाही. तिथे सवय काम बिघडवते. चाहूल लागताच पळायचं, दर वेळी थोड्यातच रिकामी करायची, असं वर्षभर केलं की शंभर मिलिलिटरलाच ओरडायचं असं पिशवी शिकते. शिकलेलं असतं म्हणूनच ते बऱ्याच प्रमाणात मोडता येतं.

हे असेल तर सराव बाजूला ठेवा आणि आधी दाखवा

लघवीतून रक्त गेलं, एकदाच गेलं, दुखलं नाही, तरी तपासणी टाळायची नाही. न दुखता जाणारं रक्त मला दुखणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचं वाटतं, कारण लोक ते सोडून देतात. थंडी वाजून ताप आणि कुशीत दुखणं, लघवी पूर्ण अडकणं, तहान आणि लघवी दोन्ही एकदम वाढणं, कारण नसताना वजन उतरणं, हे दाखवायलाच हवं. मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पायात अचानक अशक्तपणा आणि त्याबरोबर लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणं, हे मणक्यातल्या नसा दबल्याचं लक्षण असू शकतं. यात दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, त्याच तासाला रुग्णालय गाठायचं. गरोदरपणात साधी जळजळही अंगावर काढू नका.

दुसरी पायरी: तीन दिवसांची वही

या सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. खर्च नाही, अपाय नाही, आणि डॉक्टरांच्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं यातच मिळतात. सलग तीन दिवस, एखादा कामाचा आणि एखादा सुटीचा येईल असे, प्रत्येक वेळची लघवी मापाच्या भांड्यात मोजायची आणि लिहायची. भांडं यासाठी वेगळं ठेवा आणि बाथरूममध्येच राहू द्या. मला पहिल्या दिवशी फार अवघडल्यासारखं झालं, दुसऱ्या दिवशी उत्सुकता वाटायला लागली.

लिहायचं एवढंच: वेळ, किती मिलिलिटर, घाई किती (शून्य म्हणजे मुळीच नाही, तीन म्हणजे आता सुटणार), गळली का, त्या वेळी काय करत होतात, आणि काय किती प्यायलात. झोपायला गेल्याची आणि उठल्याची वेळ वेगळी नोंदवा. माझ्या पहिल्या पानाचा सुरुवातीचा भाग असा होता:

सकाळी ६:३० – ३८० मिली, घाई १, झोपेतून उठल्यावर
७:१५ – चहा, २०० मिली
७:५० – ९० मिली, घाई ३
८:४० – ७० मिली, घाई ०, बाहेर निघताना 'असू दे' म्हणून
१०:०५ – ११० मिली, घाई २
११:३० – ८० मिली, घाई ३, भांडी धुवायला नळ सोडला, थोडी गळली

दिवसभरात तेरा वेळा गेले, एकूण १,५४० मिलिलिटर, म्हणजे सरासरी ११८. मी समजत होते की माझी पिशवीच लहान आहे. पण सकाळच्या ओळीत ३८० आहे की! रात्रभर जी पिशवी ३८० सांभाळते तीच साडेअकरा वाजता ८० ला हाय खाते. तिच्यात जागा होती, धीर नव्हता.

आपलं पान वाचताना चार गोष्टी शोधा.

सगळ्यात मोठा आकडा. तो तुमच्या पिशवीची खरी कुवत सांगतो. सगळेच आकडे लहान असतील, सकाळचासुद्धा, तर ते डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

चोवीस तासांची बेरीज. ती काढताना उठल्यावरची पहिली लघवी धरायची नाही, दुसऱ्या दिवशी सकाळची धरायची. बेरीज रोज तीन लिटरच्या आसपास किंवा वर जात असेल तर प्रश्न पिशवीचा नाही, लघवी तयारच जास्त होते आहे. पाणी फार होतंय का, रक्तातली साखर किती आहे, हे बघायला हवं.

रात्रीचा वाटा. झोपल्यानंतर झालेली सगळी लघवी आणि सकाळची पहिली, यांची बेरीज एकूणाच्या एक तृतीयांशाहून जास्त निघाली तर उतारवयातल्या माणसाच्या बाबतीत ती रात्री जास्त बनते आहे असं म्हणतात. तरुणांत हा वाटा एक पंचमांशाच्या आसपास असतो. समजा एकूण १,८०० आणि रात्रीचं ८००, तर हा माणूस घाईची औषधं घेऊन रात्रीचं उठणं फारसं कमी करू शकणार नाही. त्याचा उपाय वेगळा, तो पुढे.

आणि शून्य घाईच्या ओळी. माझ्या पहिल्या दिवशी तेरापैकी चार वेळा मी लागलेली नसताना गेले होते.

तिसरी पायरी: तपासणी

वही घेऊन जा, आणि रोजच्या सगळ्या गोळ्यांची यादीही. पाण्याची गोळी, म्हणजे लघवी वाढवणारं औषध, हे तर उघड कारण झालं. मधुमेहावरची ग्लिफ्लोझिन गटातली औषधं साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून लघवी वाढते. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते आणि ते पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीत उतरतं. यातली कुठलीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, फक्त विचारायचं.

लघवीची साधी तपासणी, गरज वाटली तर कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी), रक्तातली साखर, आणि लघवी करून आल्यानंतर पिशवीत किती उरते ते बघायची सोनोग्राफी, एवढ्यावर बहुतेकांचं भागतं. शेवटची तपासणी पुरुषांनी आणि धार बारीक असलेल्या कुणीही सोडू नये. पिशवीत नळी घालून दाब मोजण्याची तपासणी सुरुवातीलाच सगळ्यांना लागत नाही.

इथे माझी एक कुरकुर. पहिल्या वर्षी मला दोनदा अँटिबायोटिक दिलं गेलं, दोन्ही वेळा कल्चर न करता. जळजळ नव्हती, ताप नव्हता, फक्त घाई होती. दोन्ही वेळा पोट बिघडलं आणि घाई तिथेच राहिली. म्हणून विचारायला लाजू नका: "संसर्ग आहे हे कशावरून?" वयस्कर माणसांच्या लघवीत काही त्रास नसतानाही जंतू सापडतात आणि त्यावर सहसा औषध लागत नाही, हेही लक्षात असू द्या.

चौथी पायरी: पिणं

पाणी तोडणं हा सगळ्यांना सुचणारा आणि सगळ्यात फसणारा उपाय. लघवी दाट झाली की पिशवीच्या आतल्या अस्तराला चुरचुरते आणि घाई वाढते, शिवाय मलावरोध होतो, आणि भरलेलं आतडं पिशवीवर रेलतं. दिवसाला सगळं मिळून दीड ते दोन लिटर बहुतेकांना पुरतं, उन्हात किंवा अंगमेहनतीत जास्त. लघवीचा रंग फिका पिवळा असावा. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं मापच पाळायचं. एका दमात अर्धा लिटर ढोसण्यापेक्षा दिवसभर वाटून प्या.

चहा-कॉफीतलं कॅफिन लघवी वाढवतं आणि पिशवीलाही डिवचतं. एकदम बंद केलं की डोकं धरतं, म्हणून चार-पाच दिवसांत एक एक कप कमी करत जा. फसफसणारी पेयं, कृत्रिम गोडी असलेली पेयं, दारू, काहींना आंबट रस आणि तिखट यांनीही त्रास होतो, पण सगळ्यांना सगळ्यांनी नाही. त्यामुळे अख्खी यादी सोडून देऊन आयुष्य बेचव करू नका. एक पदार्थ एक आठवडा बंद, वहीत फरक दिसला तर ठीक, नाहीतर परत सुरू. माझ्या बाबतीत दुपारनंतरची कॉफी दोषी निघाली, सकाळचा चहा निर्दोष सुटला.

पाचवी पायरी: घाई आली त्या क्षणी

सगळ्यात जास्त उपयोग मला याचा झाला. घाई लाटेसारखी असते: चढते, टोकाला जाते, आणि काही केलं नाही तरी बऱ्याचदा मिनिटा-दोन मिनिटांत ओसरते. आपण मात्र नेमके टोकावर असताना पळतो. पळताना पोटावर दाब येतो, जीव घाबरा होतो, आणि पिशवी सगळ्यात जोरात आकसत असते. गळायला याहून चांगला मुहूर्त नाही.

१. जागीच थांबा. शक्य असेल तर बसा, कडक खुर्ची मिळाली तर उत्तम. नाहीतर उभं राहा, पाय जुळवून.

२. लघवी आणि वायू अडवायचे स्नायू पाच-सहा वेळा झटपट आवळा आणि सोडा. पोट आवळायचं नाही, श्वास कोंडायचा नाही. हे स्नायू आवळले की मज्जारज्जूवाटे पिशवीला सैल पडायचा निरोप जातो. ही शरीराचीच जोडणी आहे, आपण ती वापरायची.

३. सावकाश श्वास सोडा आणि मन दुसरीकडे गुंतवा. शंभरातून सात सात वजा करत या, सामानाची यादी आठवा. काहींना पायाच्या टाचा वर-खाली केल्याने बरं वाटतं.

४. लाट उतरली की मग ठरवा. मागच्या वेळेला बराच काळ लोटला असेल तर सावकाश चालत जा. नुकतंच जाऊन आला असाल तर हातातलं काम पुढे चालू ठेवा.

पहिल्या आठवड्यात चार वेळा करून एकदा जमेल. ते स्वाभाविक आहे. सराव घरी, बाथरूम जवळ असताना करा, बाहेर लाज राखायच्या वेळी पहिला प्रयोग नको. ज्या गोष्टींनी घाई सुरू होते, म्हणजे कुलपात किल्ली घालणं, वाहतं पाणी, थंड फरशीवर पाय, त्यांच्यासाठी आधीच तयारी करता येते. नळ सोडायच्या आधीच स्नायू पाच वेळा आवळा, मग नळ सोडा.

सहावी पायरी: वेळेचं अंतर वाढवणं

वहीतून दोन वेळांमधलं नेहमीचं अंतर काढा. माझं तासाभराचं होतं. मग दिवसा ठरलेल्या वेळी जायचं, लागलेली असो वा नसो, आणि मध्ये घाई झाली तर वरची रीत वापरून वेळ येईपर्यंत थांबायचं. पूर्ण वेळ थांबणं जमलं नाही तर पाच मिनिटं थांबा, तेही चालतं. तीन-चार दिवस ते आठवडाभर बरं चाललं की पंधरा मिनिटं वाढवा. तासाचा सव्वा तास, मग दीड. मुक्काम तीन ते चार तासांवर. रात्री वेळापत्रक नाही, झोप मोडून सराव करायचा नाही.

निदान सहा आठवडे द्या. लोक तिसऱ्या आठवड्यात सोडतात, कारण सर्दी होते, पाहुणे येतात, एक दिवस पूर्ण फसतो आणि सगळं वाया गेलंसं वाटतं. मी दीड तासावरून परत सव्वावर आले होते, दोनदा. एक पायरी खाली उतरून पुन्हा चढायचं, एवढंच.

'असू दे' म्हणून जाणं बंद करा. झोपायला जाण्यापूर्वी आणि खरोखर लांबच्या प्रवासाआधी ठीक आहे, दुकानात जाताना नाही. आणि गेल्यावर नीट बसा. अस्वच्छ भांड्यावर अधांतरी वाकून उभं राहिलं की खालचे स्नायू सैलच पडत नाहीत आणि पिशवी अर्धवट रिकामी होते. जोर लावायचा नाही. झाल्यावर उरल्यासारखं वाटत असेल तर थोडं पुढे वाकून अर्धं मिनिट थांबा आणि पुन्हा प्रयत्न करा.

मूत्रपिंडाचा दोष, तुंबणं किंवा वरचेवर संसर्ग असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय लघवी रोखून धरायचा हा सराव करू नये.

सातवी पायरी: खालची झोळी

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी बांधलेली असते. पेल्विक फ्लोअर म्हणतात ती हीच. हिचे व्यायाम आर्नल्ड केगेल या अमेरिकी डॉक्टरांनी १९४८ मध्ये मांडले, म्हणून केगेल व्यायाम. खोकल्या-शिंकेला गळणाऱ्यांचा तर हा मुख्य उपाय आहे.

स्नायू सापडणं हीच खरी अडचण. चारचौघांत वायू अडवताना जे आवळलं जातं ते, आणि त्याबरोबर पुढचा भाग आत-वर ओढला गेला पाहिजे. पुरुषांना वृषण किंचित वर उचलल्यासारखे जाणवतील. कुल्ले, मांड्या आणि पोट स्वस्थ राहिले पाहिजेत. लघवी करता करता मध्येच धार थांबवून व्यायाम करू नका, त्याने नीट रिकामं होण्याची लय बिघडते.

आठ वेळा आवळायचं, दर वेळी पाच सेकंद धरायचं आणि तेवढाच वेळ पूर्ण सोडायचं. असं दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. पुढे धरणं दहा सेकंदांपर्यंत न्यायचं. सोडणं विसरू नका, सतत आवळलेला स्नायूही दमतो आणि दुखतो. मी सहा आठवडे चुकीचं, पोट आवळून करत होते. फिजिओथेरपिस्टने एका भेटीत ते दाखवून दिलं. जमतंय की नाही याची शंका असेल तर ती एक भेट जरूर घ्या.

रात्र

झोपण्याआधी दोन-तीन तास पिणं कमी करा. वहीत रात्रीचा वाटा मोठा निघाला असेल आणि संध्याकाळी पायांवर मोज्याचा वळ उठत असेल तर दुपारी तासभर पाय उंच ठेवून पडा, म्हणजे ते पाणी झोपण्याआधीच बाहेर पडेल. पाण्याच्या गोळीची वेळ बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. मोठ्याने घोरणं, मध्येच श्वास अडकणं आणि रात्री लघवीला उठणं हे त्रिकूट दिसलं तर झोपेतल्या श्वासाच्या आजाराची तपासणी करायला हवी, तो आजार रात्रीची लघवी वाढवतो. आणि बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा. अंधारात घाईने उठून पडल्याने मोडलेलं खुब्याचं हाड मूळ दुखण्यापेक्षा फार महाग पडतं.

मलावरोध असेल तर आधी तो सोडवा, कधीकधी तेवढ्यानेच घाई निम्मी होते. वजनाबद्दल एकच आकडा सांगते: गळण्याचा त्रास असलेल्या स्थूल स्त्रियांवरच्या २००९ मधल्या अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के वजन उतरलेल्या गटात गळण्याचे प्रसंग ४७ टक्क्यांनी कमी झाले, नुसती माहिती दिलेल्या गटात २८ टक्क्यांनी. ऐंशी किलोच्या बाईसाठी हे जवळपास साडेसहा किलो होतात.

सरावाने पुरलं नाही तर

गोळ्यांचे दोन मुख्य गट आहेत. जुना गट पिशवीला आकसायला लावणारा निरोप अडवतो: ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, सॉलिफेनॅसिन वगैरे. तोंड कोरडं पडतं, मलावरोध होतो, दृष्टी धूसर होऊ शकते. काचबिंदूच्या एका प्रकारात आणि लघवी तुंबणाऱ्यांत त्या चालत नाहीत. वयस्करांत विसरभोळेपणा आणि गोंधळ वाढू शकतो, विशेषतः ॲलर्जीच्या किंवा झोपेच्या अशाच परिणामाच्या इतर गोळ्या आधीच चालू असतील तर. सत्तरीपुढच्या आईवडिलांसाठी औषध लिहिलं जात असेल तर हा प्रश्न नाव घेऊन विचारा. दुसरा गट मिराबेग्रॉन आणि व्हायबेग्रॉनचा, तो पिशवीला सैल पडायला मदत करतो. तोंड फारसं कोरडं पडत नाही, पण मिराबेग्रॉन घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावं लागतं. कुठल्याही गोळीचा निकाल चार ते आठ आठवड्यांनी लावा, चौथ्या दिवशी नाही. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने घाई आणि वरचेवरचा संसर्ग दोन्हींत आराम पडू शकतो, याचा उल्लेख डॉक्टरांनी केला नाही तर तुम्ही करा. पुरुषांमध्ये बहुधा आधी प्रोस्टेटकडे बघितलं जातं.

त्यापुढे पिशवीच्या भिंतीत बोटॉक्सची इंजेक्शनं असतात, परिणाम सहा महिन्यांच्या आसपास टिकतो, मात्र काही जणांना काही काळ नळीने लघवी काढावी लागू शकते. घोट्याजवळच्या नसेला बारीक सुईतून सौम्य विद्युत्प्रवाह देण्याच्या उपायात अर्ध्या तासाच्या बारा साप्ताहिक बैठका असतात. पाठीच्या तळाशी नसेजवळ छोटं यंत्र बसवण्याचीही शस्त्रक्रिया आहे. मला यातलं काही लागलं नाही, त्यामुळे अनुभवाने सांगता येणार नाही.

सहा आठवड्यांनी पुन्हा वही

पुन्हा तीन दिवस मोजा. रोजच्या भावनेवर विसंबू नका, वाईट दिवस जास्त लक्षात राहतात. मला वाटत होतं काहीच फरक नाही. वहीत तेराचे आठ झाले होते, एकूण १,६१० मिलिलिटर, म्हणजे सरासरी दोनशेच्या वर. पाणी उलट थोडं जास्तच प्यायले होते.

किल्लीचा प्रकार अजून पूर्ण गेलेला नाही. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी घरी येताना लाट येते. मग मी दाराशी थांबते, किल्ली खिशातच ठेवते, पाच वेळा आवळते, शंभरातून सात वजा करत साधारण एक्कावन्न-चव्वेचाळीसपर्यंत येते, आणि मग कुलूप उघडते. शेजारच्यांना वाटतं, ही रोज किल्ली विसरते.